न निघालेल्या इलेक्ट्रॉनचा वेग

एखादी गोष्ट किती जोरात धावते हे विचारण्याआधी ती मुळात निघाली का हे विचारावं, असं सरांचं म्हणणं होतं. ते हे इलेक्ट्रॉनबद्दल म्हणत. पण एकदा बोलायला लागले की एसटी, नळाचं पाणी, शहरातली नवी कामं आणि आमच्या क्लासचे निकाल, सगळ्यांना तेच माप लावत. "निघतो काय, ते पाहा आधी. वेग मंग काढू."

मी नागपुरातल्या एका खासगी क्लासमध्ये कोऑर्डिनेटर आहे. डॉक्टर, इंजिनिअर होऊ पाहणारी मुलं आमच्याकडे येतात. वेळापत्रक, बॅचेस, हजेरी, पेपरची छपाई, मार्कर, कूलरचं पाणी, पालकांचे फोन, हे सगळं माझ्याकडे असतं. मी कॉमर्सची. पण सरांच्या वर्गाच्या दाराबाहेर माझं टेबल होतं, त्यामुळे फिजिक्समधला एक धडा मला पाठ आहे. धातूवर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. प्रत्येक धातूची त्यासाठी एक किंमत असते. प्रकाशाच्या एका कणाकडे तेवढी ऊर्जा असेल तरच इलेक्ट्रॉन सुटतो, आणि किंमत चुकवून जे उरतं त्यातून त्याला वेग मिळतो. ऊर्जा कमी पडली तर काही होत नाही. दिवा मोठा करा, दहा दिवे लावा, दिवसभर लावून ठेवा. एकही बाहेर येत नाही.

सर मौद्याहून एसटीने यायचे. ज्युनिअर कॉलेजातून रिटायर झालेले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात खडू, आणि बाराही महिने पिशवीत लोकरीचा मफलर. मे महिन्यात नागपुरात मफलर घेऊन फिरणारा माणूस पाहून नवी मुलं हसत. त्याचा उपयोग नंतर सांगते.

सरांना मुलांची नावं कधी आली नाहीत. त्यांनी ती शिकण्याचा प्रयत्नही केला नाही. मूल एखाद्या दिवशी जे उत्तर देई तेच त्याचं नाव होऊन बसे. "ए साडेचार लाख, खिडकी लाव." "सहा लाखवाल्या, तू सांग." हे इलेक्ट्रॉनचे वेग, सेकंदाला इतके मीटर. मुलांना याचं फार कौतुक. मला मात्र हजेरी घ्यायची असे, आणि सरांच्या हजेरीत नावांऐवजी आकडे सापडत.

या गणितात मुलं एक चूक हमखास करत. ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये दिलेली असे. ती जूलमध्ये न बदलता तशीच सूत्रात टाकली की इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाखो पट वेगाने सुटायचा. असं उत्तर आलं की सर खडू खाली ठेवत.

"किती आला?"

मूल आकडा सांगे.

"अरे बाप! मंग इथं काय करून राहिला तू? जा, पकडून आण त्याले. आत्तापर्यंत सूर्याच्या पलीकडे गेला असन तो."

मूल खरंच बाहेर माझ्या टेबलापाशी येई. "मॅडम, इलेक्ट्रॉन दिसला काय इकडून जाताना?" मी म्हणे, पाणी पी आणि चूक दुरुस्त करून आत जा. मुलं हसत आत जात. ती चूक त्यांच्याकडून पुन्हा होत नसे, हे मी मान्य करते. आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या वर्गात चार गणितं सुटलेली असत, हेही.

प्रत्येक उत्तराआधी कोपऱ्यात पेन्सिलीने अंदाज लिहायचा, हा त्यांचा दुसरा नियम. सर स्वतःही त्यातून सुटत नसत. एकदा ते एका पालकांकडे हुडकेश्वरला गेले होते. परतताना रिक्षावाला म्हणाला, "बसा काका, पाच मिनटात बर्डीवर सोडतो." सर तिथेच रस्त्यात उभे राहिले. "नऊ किलोमीटर, पाच मिनिटं. म्हणजे ताशी शंभराच्या वर. जमते काय?" रिक्षावाला म्हणाला, "काका, बसायचं असन तं बसा. परीक्षा काहून घेता?" सर बसले नाहीत. बस मिळाली तोवर आमची स्टाफ मीटिंग संपली होती. मीटिंग चुकल्याबद्दल त्यांना काही वाटलं नाही. रिक्षावाल्याने हिशोब न करता आकडा सांगितला, हेच ते सगळ्यांना सांगत राहिले.

आमचे डायरेक्टर साहेब सरांचे जुने विद्यार्थी. त्यांनीच सरांना क्लासमध्ये आणलं होतं. जाहिरातीत सरांचा फोटो सर्वांत मोठा असे. साहेब रोज सकाळी त्यांच्या पाया पडत आणि दुपारी मला बोलावून विचारत, "मॅडम, सरांचा सिलॅबस कुठवर आला?" तो नेहमी मागे असायचा. बाकी सर्व शिक्षकांचा तक्ता हिरवा, सरांचा लाल. तो रंग पालकांना फोनवर समजावून सांगायचं काम माझं.

मागे राहायचं एक कारण त्यांची बरणी. लोणच्याची काचेची बरणी, झाकणातून खाली गेलेली तार, तारेच्या टोकाला चॉकलेटच्या चांदीची दोन पानं, आणि वर जस्ताचा पत्रा. पत्रा आधी पॉलिश पेपरने घासून लख्ख करायचा. मग प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा मफलरवर घासून पत्र्याला लावायचा, की पत्र्यावर जादा इलेक्ट्रॉन जमून आतली पानं एकमेकांपासून दूर होत. मफलर यासाठी. मग सर त्या पत्र्यावर मोठा बल्ब धरत. पानं तशीच. दुसरा बल्ब, तिसरा बल्ब, तरी तशीच. मग पाणी शुद्ध करायच्या जुन्या मशीनमधली निळसर, अतिनील उजेडाची नळी काढत. तिचा उजेड मुलांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवलेली होती. ती लावली की पानं हळूहळू मिटत. "निघाले," सर म्हणत. "दिसून नाही राहिले, पण निघाले. सेकंदाले साडेचार लाख मीटर. आता काढा वेग, आता हक्क आहे तुमचा."

पावसाळ्यात हवा दमट झाली की पानं कुठलाही दिवा न लावता आपोआप मिटत. मग सर बरणी पिशवीत घालत आणि म्हणत, "आज काही खरं नाही." साहेब मला म्हणत, "मॅडम, हे बरणीचं प्रकरण परीक्षेत येते काय?" येत नव्हतं.

नरखेडकडचे एक पालक एकदा भेटायला आले. संत्र्याचा बगीचा होता, मुलगा एकुलता एक आणि अभ्यासात जेमतेम. ते म्हणाले, "सर, अजून एखादी बॅच लावून देऊ काय? सकाळची पाचची?"

सरांनी बरणी काढली. पाइप घासला, पानं उघडली आणि बल्ब लावला. "हे पाहा. अजून चार बल्ब लावा. काय होते?"

"काही नाही होत."

"मंग? बल्बाची संख्या नका वाढवू. बल्ब बदला."

ते गृहस्थ वाकून बरणीत डोकावले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हे पोराबद्दल बोलून राहिले का बल्बाबद्दल?"

"दोन्हीबद्दल," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाचं नाव काढून समोरच्या क्लासमध्ये घातलं. साहेब मला बोलले, सरांना नाही. सरांना बोलायची पद्धतच नव्हती. माझ्या मनात तेव्हा आलं की या माणसाला समोरच्याचा चेहरा कधी दिसत नाही. त्याला फक्त पानं हलली की नाही एवढं दिसतं.

माझी मुलगी अकरावीला याच क्लासमध्ये आली. स्टाफची मुलं असली की बाकीचे शंका घेतात, म्हणून मी दोन गोष्टी आधीच केल्या. पेपर छपाईचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला द्यायला लावलं, आणि मुलीला सांगितलं की वर्गात आई म्हणून ओळख दाखवायची नाही. ती सरांच्या वर्गात खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर बसायची. घरी येऊन सरांसारखं बोलायची. मी म्हटलं, "दहा मिनिटांत तयार हो," की म्हणायची, "जमते काय ते पाहा आधी, आई." मला हसू यायचं. ते दिवस हसायचे होते.

बारावीच्या सुरुवातीला आमच्याकडे एक परीक्षा होते. त्यातून वरची मुलं निवडून स्टार बॅच बनते. चांगले शिक्षक, जास्तीचे पेपर, शंका विचारायला वेगळा वेळ, सगळं त्या बॅचला. बाकीच्यांना उरलेलं. मी वेळापत्रक करते, त्यामुळे उरलेलं म्हणजे किती हे मला नेमकं ठाऊक होतं. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यासाठी तिने स्टार बॅचमध्ये असणं गरजेचं होतं. यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

तोवर राजस्थानातून एक तरुण शिक्षक आले होते. त्यांनी या धड्याची युक्ती शिकवली होती: बाराशे चाळीसला तरंगलांबीने भागा, धातूची किंमत वजा करा, वर्गमूळ काढा, सहा लाखांनी गुणा. दहा सेकंद. सरांचा युक्तीला विरोध नव्हता, ते स्वतःही ती वापरत. फक्त वजा करण्याआधी कोण मोठं आहे ते पाहा, एवढंच त्यांचं म्हणणं. खरी परीक्षा एका प्रश्नाला एक मिनिट देते. त्यात पाहायला कोणाला वेळ आहे?

त्या परीक्षेचा फिजिक्सचा पेपर तरुण सरांनी काढला. पंचेचाळिसावा प्रश्न असा होता: सोडियमवर सहाशे वीस नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश पडतो, तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनचा जास्तीत जास्त वेग किती? चार पर्याय, चारही वेग. जुन्या प्रश्नातला आकडा त्यांनी बदलला होता, कारण बाराशे चाळीसला सहाशे विसाने भागलं की बरोबर दोन येतात, भाग छान जातो. पण सोडियमची किंमत दोनपेक्षा जास्त, दोन पूर्णांक तीन. त्यांनी सवयीने मोठ्यातून लहान वजा केलं, वर्गमूळ काढलं, सहा लाखांनी गुणलं आणि सव्वातीन लाख हे उत्तर 'क' पर्यायावर ठेवलं. त्या प्रकाशात सोडियममधून एकही इलेक्ट्रॉन निघत नाही.

जवळपास सगळ्या मुलांनी 'क' वर खूण केली. माझ्या मुलीने प्रश्न सोडला. चुकलं तर गुण कापले जातात, आणि चारांपैकी बरोबर एकही नव्हता. घरी जेवताना तिने प्रश्नपत्रिका माझ्यापुढे ठेवली. बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं होतं, 'निघत नाही'.

यादी लागली तेव्हा ती त्या एका प्रश्नाच्या गुणांनी बाहेर होती.

मी सरांकडे गेले नाही. माझी मुलगी यात आहे असं त्यांना कळलं असतं तर त्यांनी ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं असतं, आणि साहेब म्हणाले असते की यामागे मॅडम आहेत. जायची गरजही पडली नाही. पेपर त्यांच्या हाती आला, त्यांनी तो वाचला आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. मी आणि तरुण सर तिथेच होतो.

"पंचेचाळीस रद्द कर," सर म्हणाले. "यादी नव्यानं लाव."

साहेब उठून उभे राहिले. "सर, तुमचं बरोबरच असन. पण लिस्ट लागली ना आता. पोरांचे फोटो छापाले गेले, वर्धा रोडवर होर्डिंग चढून राहिलं."

"उतरव."

"एका इलेक्ट्रॉनसाठी?"

"कोन्या इलेक्ट्रॉनसाठी? तो नाहीच ना गा तिथं! जो निघालाच नाही त्याच्या वेगावर तू पोरं निवडून राहिला."

तरुण सर हळूच म्हणाले, "सर, मैंने तो बस नंबर बदला था. भाग अच्छा जा रहा था."

"भाग गेला तुमचा चांगला," सर म्हणाले. "इलेक्ट्रॉन नाही गेला."

मी मधे पडले. माझ्याकडे तोडगा तयार होता, आणि तो मोठ्या परीक्षांमध्येही वापरतात: चुकीच्या प्रश्नाचे गुण सगळ्यांना देऊन टाकायचे. ज्यांना आधीच मिळाले त्यांचं काही जात नाही, ज्यांनी सोडला ते वर येतात, होर्डिंगवरचं एकही तोंड उतरत नाही, फक्त बॅचमध्ये दोनचार खुर्च्या वाढतात. साहेबांना पटलं. ते म्हणाले, "हे झालं ना काम! घ्या मॅडम, उद्याच लावा."

"कायचे गुण?" सर म्हणाले. "ज्यानं नसलेल्याचा वेग काढला त्याले गुण? त्याचे तं कापले पाहिजे. कोऱ्यावाल्यांनाच द्या, बाकीच्यांचे कापा."

"सर, कापले तं पालक मले फाडून खातीन."

"मंग फुकटचे वाटूही नको. असल्या यादीवर तुझं नाव असन, माझं नसन."

सरांनी दोन शब्द आवरले असते तर माझं पोर दुसऱ्या दिवशी स्टार बॅचमध्ये बसलं असतं. साहेब खाली बसले आणि म्हणाले, "मंग राहू द्या जसं आहे तसंच." तोडगा दोन मिनिटं जगला.

संध्याकाळी साहेबांनी मला एकटीला बोलावलं. त्यांनी कोणी प्रश्न सोडला ते पाहून ठेवलं होतं. "मॅडम, तुमच्या बेबीचं मी ऍडजस्ट करतो. सोमवारपासून बसवा तिला. बोभाटा नको." मी हो म्हटलं. त्यात मला काही गैर वाटलं नाही. ती जागा तिचीच होती, दार फक्त मागचं होतं.

मी घरी सांगितलं. मुलीने विचारलं, "प्रश्न रद्द झाला?"

"नाही."

"मग मी कशी काय?"

"साहेबांनी केलं ऍडजस्ट."

तिने जुन्या बॅचच्याच वह्या दप्तरात भरल्या.

वेळापत्रक मीच केलं होतं. स्टार बॅचचा पहिला तास तिच्या सोमवारच्या आधी, शनिवारीच होता, फिजिक्स, सर. मला तेव्हाच सुचायला हवं होतं, पण इतक्या वर्षांत कोण कुठल्या वर्गात काय बोलेल याची काळजी मी केली नव्हती.

सर वर्गात गेले आणि फळ्यावर पंचेचाळिसावा प्रश्न लिहिला. "वेग काढा." दहा सेकंदांत सगळा वर्ग म्हणाला, सव्वातीन लाख. "शाबास," सर म्हणाले. "निघतो काय?" मग त्यांनी बरणी काढली, बल्ब लावला आणि मिटत नसलेली पानं सगळ्यांना दाखवली. दारातून मला त्यांचा आवाज स्पष्ट येत होता. "तुम्ही या बाकावर बसून आहात ते एका इलेक्ट्रॉनच्या भरोशावर. तो निघालाच नव्हता. तुम्हीही अजून निघाले नाही."

सोळा-सतरा वर्षांची मुलं. आदल्या दिवशी त्यांच्या घरी पेढे वाटले होते. एक मुलगी रडायला लागली, मागच्या बाकावरच्या कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ घेतला. तास संपायच्या आत तो पालकांच्या ग्रुपवर होता आणि माझ्या टेबलावरचे दोन्ही फोन वाजत होते.

साहेबांनी दुपारी सरांना काढलं. पाया पडून काढलं. "सर, तुम्ही आराम करा आता." सर म्हणाले, "बरं," आणि मफलर उचलून एसटी स्टँडवर गेले. बरणी कपाटात राहिली.

मग साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, आता व्हिडिओ फिरून राहिला. अशात तुमच्या मुलीचं केलं तं लोक म्हणतीन, बघा. समजून घ्या." मी समजून घेतलं. तेच माझं काम.

मुलीला सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. मला त्याचा इतका राग आला की मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले.

ते वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगते. उरलेल्या बॅचला फिजिक्सला तीन शिक्षक बदलले. शेवटचे दोन धडे पीडीएफवर झाले. मुलीला मेडिकलची जागा मिळाली नाही. कोणी म्हणेल, एका प्रश्नाने काय होतं. वेळापत्रक मी करत होते, मला माहीत आहे काय होतं. स्टार बॅचमधल्या बऱ्याच मुलांना जागा मिळाल्या. सव्वातीन लाखवाल्यांना. त्यांचे फोटो वर्धा रोडवर आहेत. मी रोज त्यांच्याखालून येते.

सर बरोबर होते, हे मला कोणी सांगायला येऊ नये. माझी तक्रार ती नाही. बरोबर असण्याला खर्च येतो आणि तो सरांनी कधी स्वतःकडे लावून घेतला नाही, ही आहे. त्यांना पेन्शन होती, मौद्याला घर होतं. त्यांनी घालवली ती जागा दुसऱ्या कोणाची होती, आणि ती कोणाची हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

मुलगी एक वर्ष थांबून पुन्हा तयारी करते आहे, आमच्याकडेच. या वर्षी मेडिकलची परीक्षा झाल्यावर लगेच, मेमध्ये, स्टार बॅचची परीक्षा झाली. पेपर कॉम्प्युटरवरच्या साठ्यातून निघतो आता. त्यात तोच प्रश्न होता. सोडियम, तांबडा प्रकाश, तेच चार पर्याय. एका वर्षात कोणी तो काढला नव्हता.

घरी आल्यावर मी विचारलं, "तो प्रश्न आला होता म्हणे."

"हो."

"काय केलंस?"

"क," ती म्हणाली.

मी म्हटलं, "निघतो का ते नाही पाहिलंस?"

"पाहिलं. नाही निघत." तिने पोळीचा तुकडा मोडला. "पण त्यांना काय पाहिजे ते मला माहीत होतं ना, आई."

तिचं नाव यादीत वरून सहावं आलं. साहेबांनी स्वतः मला पेढा दिला.

त्यानंतरच्या रविवारी मी मौद्याला गेले. कपाट रिकामं करायचं होतं, बरणी परत द्यायची होती. पण खरं कारण ते नव्हतं. एसटीत मी दोन मुद्दे ठरवले होते. एक, त्या पेपरात माझी मुलगी होती आणि तुमच्यामुळे तिने काय केलं. दोन, या वर्षी तिने काय केलं. दुसरा मुद्दा त्यांच्या तोंडावर मारायचा आणि परतीची बस पकडायची.

त्यांच्या घराच्या अंगणातून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. त्यांच्या बायकोने दार उघडलं. "या वं बाई, या. मागं बसले हाये." सर मागच्या पडवीत पेपर घेऊन बसले होते आणि बातम्यांतल्या आकड्यांपुढे पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते.

"मॅडम! बरणी आणली काय?"

"आणली."

त्यांनी ती उजेडात धरली. "पानं शाबूत आहे. पत्रा काळा पडला. पडनच."

मी बसले आणि म्हटलं, "सर, त्या पेपरात माझी मुलगी होती. पंचेचाळिसाव्या प्रश्नाच्या."

त्यांनी बरणी खाली ठेवली. "तुमची मुलगी होती आपल्याकडे? कधी सांगितलं नाही. कोनती?"

मी नाव सांगितलं. त्यांना काही आठवलं नाही. खिडकीकडचा दुसरा बाक सांगितला, तरीही नाही. "किती म्हणायचो मी तिले?" त्यांनी विचारलं. तो आकडा मला माहीत नव्हता.

"तिने तो प्रश्न सोडला होता," मी म्हटलं.

"वेळ पुरला नसन."

"पुरला होता. बाजूला लिहून ठेवलं होतं, निघत नाही."

सर उभे राहिले. मी इतक्या वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं. त्यांनी आत हाक मारली, "ऐकलं काय? ये इकडे, लवकर ये! होती! एक होती!" बायको पदराला हात पुसत आली. "काय झालं?" "अवं, मी म्हनत होतो ना, एवढे वर्ष भिंतीले शिकवलं. नाही! एक पोरगी होती. लिहून ठेवलं तिनं, निघत नाही म्हणून. या बाईची पोरगी."

त्यांचे डोळे भरले होते. ते पुसायला त्यांनी मफलर घेतला, मे महिन्यातला. त्यांच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घरी औषध घेऊन आले आहे.

पहिला मुद्दा सांगून झाला होता.

"आता काय करते ती?" सर म्हणाले.

मी बरणीकडे पाहिलं. "तयारी करते आहे. स्टार बॅचमध्ये आहे."

"असनच!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "असनच ना! असं पोर किती दिवस मागं ठेवतीन हे लोक? शेवटी घ्यावंच लागलं ना त्याले?"

"हो," मी म्हटलं. "घ्यावं लागलं."

ते पाइपचा तुकडा शोधायला लागले. तो पिशवीत सापडला. पॉलिश पेपर काढून त्यांनी पत्रा घासला, तुकडा मफलरवर जोरजोरात चोळला आणि पत्र्याला लावला. हवा कोरडी होती. बरणीतली दोन्ही पानं एकमेकांपासून दूर झाली आणि तशीच राहिली.

"पाहा मॅडम," सर म्हणाले. "अजून धरून आहे."

मी चहा संपवला आणि बस गाठायची आहे म्हणून उठले.